कादंबरीतल्या गावाचा पडताळा

हा प्रवास मी एका वाचकाच्या पत्रामुळे केला. जंगलकाठच्या गावाची ती कादंबरी आपण सर्वांनी वाचलेली आहे, म्हणून कथा थोडक्यात सांगतो: नवरा लाकडाच्या वखारीवर राबत असता एका शेतकरी स्त्रीचे वखारीच्या कारकुनावर मन जडते, त्याच्यापासून तिला मुलगी होते, आणि गावाला ते कधीच कळत नाही. लेखकाने गावाचे नाव बदलले होते. ते खरे गाव कोणते, हे मी धारवाडला घरी बसून, सर्व्हेचा नकाशा आणि कादंबरीतली वर्णने शेजारी शेजारी मांडून निश्चित केले आणि गेल्या वर्षी एका मासिकात सप्रमाण प्रसिद्ध केले. पुण्यामुंबईकडून अभिनंदनाची पत्रे आली. मंडळी तिकडे सहलीला जाऊ लागली. एका वाचकाने मात्र साधा प्रश्न विचारला होता: "आपण स्वतः तेथे गेला आहात काय?"

गेलो नव्हतो. पडताळ्यावाचून सिद्धांत अपुरा, हे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. तेव्हा मार्गशीर्षातल्या एका रविवारी निघालो. सोबत माझे बालमित्र रामभाऊ होते. हुबळीच्या दाजीबानपेठेत त्यांचे कापडाचे दुकान आहे, आणि कादंबरी त्यांनी गल्ल्यावर बसून तीनदा वाचली आहे.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी अळणावरपर्यंतची माहिती देतो. सकाळच्या पॅसेंजरने जावे, तिसऱ्या वर्गाने जावे, आणि डाव्या बाजूची खिडकी धरावी. मुगद मागे पडले की काळी जमीन संपते, माती तांबडी होते, आणि सागाची झाडे रुळाच्या इतकी जवळ येतात की डब्यातला उजेड बदलतो. थंडी बोचरी असते, घोंगडी न्यावी. अळणावरला स्टेशनाबाहेर उप्पीट चांगले मिळते, पण पाणी उकळलेले असेल तरच प्यावे, कारण त्या भागात हिवताप फार आहे. कोयनेलची गोळी मी निघण्यापूर्वी घेतली होती आणि रामभाऊंना घ्यायला लावली होती. ती कडू गोळी गिळताना ते म्हणाले होते की कादंबरीत कुणालाही ताप आल्याचे आपल्याला आठवत नाही.

अळणावरपासून पुढचा रस्ता मी या वेळी लिहिणार नाही.

बैलगाडी यल्लाप्पा नावाच्या गृहस्थाची होती. कुठे जायचे, हे त्याने विचारलेच नाही. धोतर, कोट आणि हातात पुस्तक दिसले की आपण गाडी जुंपतो, असे तो म्हणाला. मी त्याला मोठ्या उत्साहाने सांगितले की हे गाव शोधून काढणारा तो मीच. मग बैलांकडे पाहतच त्याने सगळी हकीकत सांगितली.

कादंबरीकार हवापालटासाठी तिथल्या जंगलखात्याच्या बंगल्यात दोन महिने राहिले होते. दूध गावातल्या गंगाक्का नावाच्या बाईच्या घरून जाई. त्यांनी तिचे घर पाहिले आणि पुस्तकात घातले. बाकीचे मनाने रचले. गंगाक्काचा नवरा पुढे वखारीतच ओंडका अंगावर येऊन गेला. मुलगी शेवंता, आता सोळा वर्षांची. पुस्तक निघाले तेव्हा गावात कुणाला पत्ताही नव्हता. माझा लेख आल्यावर दर रविवारी माणसे येऊ लागली. ती घर पाहत, विहीर पाहत, आणि मग मुलीचे नाक कुणासारखे आहे ते पाहत. शेवंताची दोन स्थळे परत गेली होती. तिसरे हल्याळचे, मुलाचे चुलते शंकराप्पा आज शेवटचा होकार द्यायला येणार होते.

"आन् आजच तुम्ही आलासा," यल्लाप्पा म्हणाला.

परत फिरावे, असे रामभाऊंनी सुचवले. माझे मत निराळे होते. ज्याच्या लेखणीने घोटाळा झाला, त्यानेच तो निस्तरणे योग्य, आणि शंकराप्पांना वाङ्मयातील कल्पना व वास्तव यांतला भेद नीट समजावून दिला तर ते खचित ऐकतील, असे मी प्रतिपादन केले. रामभाऊंनी मान हलवली. ती होकारार्थी होती, असे मी धरले.

घर पाहताच, खरे सांगतो, मला आनंद झाला. दारापुढे फणस, डावीकडे गोठा, मागे मारुतीचे देऊळ. मी वही काढून खुणा करू लागलो. शंकराप्पा अजून पोचले नव्हते. यल्लाप्पाने मी कोण हे आत जाऊन सांगितले, आणि गंगाक्का बाहेर आली. ती रागावेल म्हणून मी उत्तर तयार ठेवले होते. ती रागावली नाही. तिने मला गोठ्याच्या बाजूला नेले.

"मास्तर, तुमच्या छापलेल्या शब्दावर सगळी आली," ती म्हणाली. "आता तुमच्या तोंडच्या शब्दावर जाऊ दे. त्यो पावणा इचारील. तुम्ही म्हणा, ह्ये घर न्हवं. एवढंच. दुसरं काय बोलू नका."

मी होय म्हणालो.

शंकराप्पा आले, साठीचे, डोक्याला पांढरा रुमाल, बोलणे मवाळ. यल्लाप्पाशी कानडीत हवापाण्याचे बोलून ते कट्ट्यावर टेकले. शेवंता साखरेचे तबक घेऊन दाराच्या आत उभी होती. मला तिची फक्त बोटे दिसत होती. मी शाळामास्तर, हे कळताच शंकराप्पांनी अदबीने विचारले, "मास्तर, तुम्ही शिकलेली माणसं. लोक म्हणत्यात पुस्तकातलं घर ह्येच. खरं काय?"

एक शब्द पुरे होता. पण मला वाटले, नुसते 'नाही' म्हटले तर शंका उरेल. शंका मुळापासून काढावी. म्हणून मी पद्धतशीर सुरुवात केली. लेखकाची कल्पना म्हणजे काय ते सांगितले. नंतर भेद दाखवले: पुस्तकात पाच पायऱ्या, येथे तीन, पुस्तकात विहीर पुढे, येथे मागे, कौले, दाराची दिशा. भेदाचे वजन साम्याशी तोलल्यावाचून कळत नाही, म्हणून साम्येही प्रामाणिकपणे सांगितली. रामभाऊ खोकले. मी जरा सावकाश बोलू लागलो. शंकराप्पा एकाग्रतेने ऐकत होते, असा श्रोता वर्गातसुद्धा क्वचित मिळतो.

"मग जुळतंय किती?" त्यांनी विचारले.

मी वही पाहिली. "नऊ गोष्टी."

"आन् न जुळणारं?"

"चार."

त्यांनी ते मनात घोळवले. नवऱ्याचे वखारीतले काम नवांत धरले की नाही, तेही विचारले. धरले होते. मग ते उठले, रुमाल सारखा केला. "लई चांगलं समजावलंसा मास्तर. इतकं फोडून कुणी सांगितलं न्हवतं. अक्का, येतो मी." दारातली बोटे दिसेनाशी झाली. साखर कुणी तोंडात घातली नाही.

गंगाक्का गोठ्यात गेली आणि दावे सोडू लागली. जनावरे पाण्यावर न्यायची वेळ झाली होती.

परतताना अळणावरच्या फलाटावर रामभाऊंनी विचारले, "मास्तर, 'नाही' ह्यात अक्षरं किती?"

"दोन," मी म्हणालो. हेही उत्तर मी दिले.

धारवाडला येऊन मासिकाला खुलासा पाठवला. माझा निष्कर्ष चुकला होता, गाव ते नव्हेच, असे लिहिले; आयुष्यात जाणूनबुजून खोटे लिहिण्याची ती पहिली वेळ. संपादकांनी उलट टपाली कळवले की वादाने गोडी वाढते, दोन्ही लेख नकाशासह एकत्र छापू. मी खुलासा परत मागितला आहे. तो अजून आलेला नाही.

आले ते गंगाक्काचे एक कार्ड, गावच्या कुणाकडून तरी लिहवून घेतलेले. हल्याळहून नकार आला आहे. आता या बाजूला कुणी विचारणार नाही. मास्तर, तुमची ओळख मोठी. हुबळी-धारवाडकडे मुलीला एखादे घर बघा. गरीब चालेल, बिजवर चालेल. फक्त त्या घरात कुणी पुस्तक वाचत नसावे.

त्या दिवसापासून मी ओळखीची घरे एकेक आठवतो आहे. शिक्षकांची, वकिलांची, कचेरीतल्या लोकांची, रामभाऊंच्या पेठेतली. कुठे लेक वाचते, कुठे सून. बऱ्याच घरांत मीच नेऊन दिलेली प्रत आहे. पंधरा दिवस झाले. गंगाक्काला लिहावे असे एकही घर मला सापडलेले नाही.