आजारानंतरचा पहिला पॉवर सप्लाय

सरुबाईंची उमेदीची वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात ट्रान्सफॉर्मरला तार गुंडाळण्यात गेली. मी तिथेच फिटर होतो. निवृत्तीनंतर त्यांनी ओट्यावर दुरुस्तीचं टेबल मांडलं. गेल्या वर्षी उजव्या अंगावरून वारं गेलं. हिंडूफिरू लागल्या, पण बोटांत पकड येईना. मुलगा रविराज सटाण्याला कांद्याच्या व्यापारात आहे. टेबल आवर आणि इकडे ये, असा त्याचा सारखा फोन. शेवटी त्यांनी सांगितलं, एक वस्तू करून बघते. नाही जमली तर येते.

वस्तू म्हणजे फुलवाल्या जयरामच्या रेडिओचा पॉवर सप्लाय. अडॅप्टर बाजारात मिळतो, हे जयरामलाही ठाऊक होतं.

मला नुसतं बघायला बोलावलं. एक ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारे चार डायोड, ते डीसी सपाट करणारा कपॅसिटर आणि नऊ व्होल्टवर धरून ठेवणारा तीन पायांचा आयसी. धडधाकट माणसाला थोडक्यात होणारं काम. सरुबाईंची सकाळ त्यात गेली. उजवं मनगट डाव्या हाताने धरून सोल्डरिंग चाललं होतं. जोड खडबडीत आला की काढून पुन्हा करायच्या. मी म्हटलं, एवढं चालेल.

"चालेल म्हणायची सवय तुम्हा फिटर लोकांची."

नवी वस्तू थेट प्लगात घालायची नाही, आधी सिरीजच्या बल्बमधून वीज द्यायची, ही आमची रीत. आत शॉर्ट असेल तर बल्ब पेटलेला राहतो. ठीक असेल तर चमकून विझतो.

त्यांनी बटण दाबलं. बल्ब लख्ख पेटला, तो पेटलेलाच राहिला.

त्यांनी बटण बंद केलं. हात मांडीवर घेतला. "जाते भाऊ सटाण्याला."

 तरी त्यांनी भिंग उचललं आणि एकेक जोड तपासला. सगळे चकचकीत. कुठे काही चिकटलेलं नाही. मग डायोडवरच्या दिशा दाखवणाऱ्या पांढऱ्या पट्ट्या पाहिल्या. एक डायोड उलटा बसला होता. जिला उलट-सुलट नसतं अशा एसी विजेत जन्मभर वावरलेल्या माणसाची ही चूक. चांगल्या बोटांकडूनही होते. मध्ये बल्ब होता म्हणून काही जळलं नव्हतं.

"हात नाही चुकला," त्या म्हणाल्या. मग पुन्हा तेच म्हणाल्या.

डायोड सुलटा बसवला. या वेळी बल्ब चमकला आणि विझला. मीटरने नऊ दाखवले. रेडिओ लागला, त्यात घरघर नव्हती. सरुबाई खुर्चीत मागे टेकल्या आणि डोळे मिटून बसल्या. 

मग रविराजला फोन लावला. आधी कांद्याचा भाव विचारला. मग म्हणाल्या, "दिवाळीला येते रे. चार दिवस राहून परत येईन."

तिकडून त्याने काहीतरी विचारलं.

"हो," त्या म्हणाल्या, "माझ्याच हाताने."