मालनबाईंनी बसवलेला प्रवेश

मालनबाई गेल्याचं त्यांच्या मुलीच्या फोनवरून कळलं. "काका, आई गेली," एवढंच ती म्हणाली. मनात आलेला पहिला विचार लाजिरवाणा होता... आता खरं सांगायला जायचं तरी कुणाकडे?

सत्तरच्या दशकात सोलापुरात आमची हौशी नाटकमंडळी होती. मी दिग्दर्शक, एरवी कचेरीत कारकून. मालनबाई लग्न होऊन बार्शीहून आलेल्या, सकाळी बालवाडीत शिकवायच्या. नाटकात काम करणाऱ्या बायकांनी दिवेलागणीआधी घरी पोचायचं, ही घरच्यांची अट. पुरुष गिरणीतून सुटून संध्याकाळी यायचे. म्हणून तालमी दोन. दुपारी मी कचेरीत अडकलेला, त्यामुळे बायकांची तालीम मालनबाईच घ्यायच्या. दोन्हीकडची माणसं एकत्र यायची ती थेट रंगीत तालमीत.

एका वर्षी स्पर्धेसाठी घेतलेल्या नाटकात शेवटी बायको नवऱ्याचे पाय धरून माफी मागते, असं लिहिलेलं होतं. रंगीत तालमीत नवरा झालेल्या दत्ताने भाषण सुरू केलं आणि बायको झालेल्या मालनबाई वाकल्याच नाहीत. ताट ओढून त्या सरळ जेवायला बसल्या. नवऱ्याच्या आधी.

"अहो बाई, पाय धरा की!" दत्ता म्हणाला.

"तुमी बोला की. दिवसभर राबलेय, भूक लागलीय मला."

"मग मी बोलू कुणाकडं बघून?"

"ताटाकडं बघा."

विंगेतल्या बायका खो खो हसल्या. पंधरा दिवस दुपारी त्यांनी हेच तर बसवलं होतं. मी संतापलो, पण स्पर्धा दोन दिवसांवर आली होती.

प्रयोगात मागच्या रांगांतल्या बायकांच्या टाळ्या थांबेनात. त्या प्रवेशाचं खास कौतुक करून परीक्षकांनी दिग्दर्शनाची ढाल मला दिली. सत्काराला उत्तर देताना मी म्हणालो, हा शेवट मला सुचला. पुढे तो कसा सुचला याचे बारकावेही सांगू लागलो. मालनबाई एकदा चहाचा कप पुढे करत म्हणाल्या, "लई छान सांगता हो सर. ऐकून मलाच वाटतं, तुमालाच सुचलं असणार." मी हसलो. पुढच्या वर्षी त्यांनी अख्खं नाटक बसवायला मागितलं, तेव्हा बैठकीत मीच म्हणालो, "बाईमाणसाचं पुरुष ऐकतील का?" त्यानंतर त्या तालमीला आल्या नाहीत.

तेव्हा आता स्पष्ट लिहितो. तो प्रवेश मालन शिंदे यांचा. त्या नाटकातल्या सगळ्या बायकांची कामं त्यांनीच बसवली. आमच्या मंडळीत दिग्दर्शनाची खरी समज कुणाला असेल, तर ती त्यांना होती.

तेराव्यानंतर ढाल घेऊन त्यांच्या घरी गेलो, मुलीला सगळं सांगितलं. तिने ढाल हातातही घेतली नाही.

"हे आईच्या देखत बोलायचं होतं की, काका..." मग म्हणाली, "तुमच्याकडंच राहू दे. येता-जाता दिसेल."

जुळे सोलापूरच्या माझ्या फ्लॅटमध्ये ढाल आता दारासमोरच मांडली आहे. नाव माझंच कोरलेलं. येणारा विचारतो, "तुमची का?" मी "नाही, मालनबाईंची" म्हणतो, आणि त्याला बसायला सांगतो.