कारभाऱ्यांचा घसा बसला तेव्हा

पेशवाईत मी पुण्याच्या कोतवालीत कारकून होतो. रोज सकाळी चावडीत कारभाऱ्यांसमोर आम्हा कारकुनांची बैठक भरत असे. कारभारी आधी आपलं मत सांगत, मग आमचं विचारत. आम्ही वयाच्या क्रमाने "आपण म्हणाल तसं" म्हणत असू. मग पान खाऊन सगळे उठत.

एका उन्हाळ्यात पेठेतल्या हौदाची तक्रार आली. लोक जिथून प्यायचं पाणी भरत, तिथेच पागेची माणसं घोडे आणून धूत. कारभारी म्हणाले, "पागा सरकारी आहे. दुखवून चालायचं नाही. थोडं थांबू." तक्रार पुन्हा पुन्हा येई आणि आम्ही पुन्हा पुन्हा थांबायचं ठरवत असू. थांबण्याच्या कामात आमचा हात कोणी धरला नसता.

मग कारभाऱ्यांचा घसा बसला. वैद्यांनी बोलायला मनाई केली, तरी ते येऊन गादीवर बसले. हौदाचा विषय निघताच त्यांनी सगळ्यात वडील कारकुनाकडे हात केला.

"आपण म्हणाल तसं."

कारभाऱ्यांनी गळ्याला हात लावून मान हलवली. ते काहीच म्हणणार नव्हते.

"मग मीच म्हणतो," वडील कारकून म्हणाले. "माझी सून त्याच हौदाचं पाणी भरते. पाण्याला लिदीचा वास येतो. नातू अंथरुणाला खिळलाय. आणि सून मला विचारते, मामंजी, चावडीत आपण करता काय?"

आम्ही सतरंजीकडे पाहू लागलो. रोज मांडीला मांडी लावून बसत होतो, पण त्यांचा नातू आजारी आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

कारभाऱ्यांनी मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हौदातून वाहून जाणारं पाणी बाहेर दगडी डोणीत घ्यावं. घोडे तिथे न्यावेत."

"घोडे ऐकतील," तिसरा कारकून म्हणाला. "पागेवाले ऐकायचे नाहीत. आपण स्वतः जावं."

पानाचं तबक यायच्या आत सगळं ठरलं होतं.

कारभारी पागेत गेले. आवाज नसल्यामुळे त्यांना भांडता आलं नाही. त्यांनी पागेच्या मुख्याला हाताला धरून हौदावर आणलं आणि तांब्या भरून पुढे केला. गृहस्थाने तांब्यात पाहिलं, कारभाऱ्यांकडे पाहिलं, आणि तांब्या खाली ठेवला. लवकरच डोणी बसली. नातूही हिंडू-फिरू लागला.

कारभाऱ्यांचा आवाज परत आला. तरी पुढे बैठकीत ते शेवटीच बोलू लागले, आणि पुष्कळदा त्यांना बोलायची गरजच पडत नसे.

"हल्ली कारभारी आधी सगळ्यांचं ऐकून घेतात, मग बोलतात," मी घरी मोठ्या कौतुकाने सांगितलं.

बायको पानं वाढत होती. "अहो, वैद्यांनी त्यांना दिलं काय होतं, तेवढं विचारून या," ती म्हणाली.