पहिल्या रांगेतली खुर्ची

सदर इसमाचे नाव नागनाथ हिंदुराव यमगर. वय चौसष्ट. मूळ राहणार जिल्हा सांगली, हल्ली मुक्काम खातीपुरा, जयपूर. लष्करातून नायब सुभेदार पदावरून निवृत्त. उंची मध्यम, मिशी भरघोस, आवाज सभागृहाच्या क्षमतेपेक्षा जास्त. ढूंढाड जनकल्याण बँक ताब्यात घेण्यात आल्यानंतर संतप्त झालेल्या भागधारकांचे प्रमुख नेते. चिथावणी देण्याची शक्यता : आहे.

बँकेवर नेमलेल्या प्रशासक भार्गव मॅडमच्या फायलीत हे वर्णन आहे. त्यातलं आवाजापर्यंतचं सगळं बरोबर आहे.

नागनाथराव बँकेपर्यंत पोचले ते कबड्डीमुळे. शेवटचं पोस्टिंग जयपूरला झालं, खातीपुऱ्यात घर बांधलं, आणि सांगलीला परत जायचं दर दिवाळीला ठरून दर संक्रांतीला रद्द होऊ लागलं. गावाकडची सगळ्यात जास्त आठवण कशाची येते असं विचारलं तर ते कबड्डीच्या मैदानाची म्हणत. मालनबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, हे ऐकून स्वयंपाकघरात जात. मग एका संध्याकाळी खातीपुऱ्याच्याच मैदानावर त्यांना बँकेचा संघ दिसला, आणि त्या दिवसापासून सांगलीचा विषय जवळजवळ मिटला.

बँकेचा संघ म्हणजे खरोखरच बँकेचा. दुपारी काउंटरवर नोटा मोजणारा संध्याकाळी उजवा कोपरा सांभाळायचा. पासबुक छापून देणारा भंवर हा मुख्य चढाईपटू. त्याच्या खिडकीसमोर नेहमी जास्त रांग असे, कारण लोक पासबुक पुढे सरकवून आदल्या सामन्यातल्या चुका सांगत बसत. आणि मैदानावर एक पद्धत होती. पहिल्या रांगेतल्या खुर्च्या भागधारकांसाठी. बाकी जनता जाजमावर. त्यामुळे खातीपुऱ्यातल्या निम्म्या कबड्डीवेड्यांनी बँकेचा एकेक शेअर घेऊन ठेवला होता. बँक काय करते याची त्यांनी कधी चौकशी केली नाही. पाठ टेकत होती, तेवढं पुरे होतं.

मग कबड्डीच्या भाषेत बँकेवर लोण चढला, सगळा संघच बाद. कर्जं बुडाली होती, संचालक घरी गेले, भार्गव मॅडम आल्या. ठेवी सुरक्षित आहेत, शेअरचं विसरा, असं सौम्य भाषेत कळवण्यात आलं. अनावश्यक खर्च थांबवताना संघाचा खर्चही थांबला. कबड्डीची मॅट शहराच्या दुसऱ्या टोकाला, झालान्यातल्या मुख्य कार्यालयाच्या तळघरात कुलूपबंद झाली. आणि रविवारी खातीपुऱ्यात जिल्हा स्पर्धेची अंतिम लढत होती. यजमान संघानं मॅट आणायची, नाहीतर सामना समोरच्याला बहाल, असा स्पर्धेचा नियम.

"काका, तुम्ही येताय ना उद्या झालान्याला?" वरच्या मजल्यावरचा भाडेकरू निलय विचारायला आला. हा पुण्याचा, आयटीतला; पगारातले बरेच पैसे या बँकेच्या शेअरमध्ये घालून बसला होता आणि त्याचा राग अस्सल होता. "असोसिएशन केलीय आम्ही. वैशाली नगरचे सगळे आहेत. डॉक्टर आहेत, सीए आहेत. फक्त ओरडणारं कोणी नाही."

"ओरडू की," नागनाथराव म्हणाले. "मॅट सोडवायचीच हाय."

"मॅट नाही हो काका. भांडवल."

"ते बी सोडवू."

दुसऱ्या दिवशी झालान्याच्या सभागृहात दोन प्रकारचे संतप्त लोक जमले. पुढे वैशाली नगरचे, हातात छापील मुद्दे घेतलेले. मागे खातीपुऱ्याचे, हातात ढोल घेतलेले. मॅडम आत आल्या तेव्हा मागच्यांनी सवयीनं जी आरोळी ठोकली, ती खेळाडू मैदानात उतरताना ठोकायची असते. खिडकीच्या काचा हलल्या. मॅडमनी शेजारच्या अधिकाऱ्याला मिशीवाल्याचं नाव लिहून घ्यायला सांगितलं. नेतेपद मिळालं ते असं.

वैशाली नगरचे एक सीए उठले. गेल्या वर्षी बँकेनं बारा टक्के लाभांश वाटला, मग वर्षभरात तोटा आला कुठून, हा प्रश्न त्यांनी अर्धा तास विचारला. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तो ताळेबंद याच हॉलमध्ये मंजूर झाला होता ना, भाईसाहब?" त्या म्हणाल्या. "आवाजी मतदानानं. सूचक म्हणून तुमचंच नाव आहे."

सीए खाली बसले. आणि मागून टाळ्यांचा कडकडाट झाला. ढोलसुद्धा वाजला.

निलय पांढराफटक पडून मागं धावला. "काका, काय करताय? त्या आपल्या विरुद्ध आहेत."

"म्हाईत हाय की. पर पकड बघितलीस का? गडी निम्म्यात आला आन् घोटा धरला. आसल्या पकडीला टाळी न वाजवणारा माणूस मी तरी बघितला न्हाई."

सांगलीकडच्या कबड्डीत ही शिस्त असते. विरुद्ध बाजूनं चांगला डाव टाकला तरी टाळी द्यायची. न देणारा कोता समजला जातो. नागनाथरावांनी ही शिस्त खातीपुऱ्यात रुजवली होती. ती सभागृहात लागू नाही हे सांगायचं राहून गेलं होतं. त्यानंतर मॅडमनी आणखी दोघांना गार केलं आणि दोन्ही वेळा दाद मिळाली. डॉक्टरमंडळींनी नागनाथरावांकडे पाठ फिरवली. मॅडमच्या चेहऱ्यावर मात्र नोकरीत पहिल्यांदाच टाळ्या मिळालेल्या माणसाचा गोंधळ होता.

"तुमचं काय म्हणणं आहे, सूबेदारजी?"

"मॅडम, आमची मॅट तळघरात हाय. परवा फायनल हाय."

"हा शेअरचा प्रश्न आहे का?"

"आमचा शेअर त्याच्यासाठीच हाय."

मॅडमनी चष्मा पुसला. मॅट ही बँकेची मालमत्ता, कुणा ऐऱ्यागैऱ्याला देता येत नाही. भागधारकानं हमीपत्र दिलं तर एका दिवसासाठी बघता येईल. सभासद क्रमांक काय?

क्रमांक नागनाथरावांना माहीत नव्हता. त्यांनी घरी फोन लावला, आणि सवयीनं लावला तो स्पीकरवर.

"आगं, आपल्या शेअरचा नंबर सांग."

"आपला कुठला?" मालनबाई म्हणाल्या. "माझा हाय त्यो. त्या वर्षी बायकांना नावावर शेअर घेतल्यावर स्टीलचा डबा देत होते, म्हणून मी घेतला. विसरला व्हय?"

हॉलमध्ये खसखस पिकली. सीएसाहेबसुद्धा हसले. भागधारकांचे प्रमुख नेते फोनकडे बघत राहिले.

"मग ये की जरा. सही पायजे."

"येते. पर एक सांगा, खुर्ची शेअरवाल्यालाच मिळती ना? मग इतकी वर्सं माझ्या खुर्चीवर कोण बसतंय?"

तासाभरानं मुलगी रुचिता त्यांना स्कूटरवरून घेऊन आली. "पप्पा, मतलब तुम्ही लीडर आहात?" तिनं विचारलं. "पण मेंबरच नाही?" नागनाथरावांनी ढोलाची दोरी आवळायला घेतली.

मालनबाईंनी हमीपत्र दोनदा वाचलं. हिंदी त्यांना नवऱ्यापेक्षा चांगलं येत होतं.

"मॅट फाटली तर?"

"भरपाई," मॅडम म्हणाल्या.

"कोण देणार?"

"जो सही करेल तो."

मालनबाईंनी पेन खाली ठेवलं आणि नवऱ्याकडे बघितलं. दारात उभ्या असलेल्या भंवरनं डोळे मिटले. नागनाथरावांचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा सभागृहाच्या क्षमतेत मावला.

"मालन, सही कर. तुझी खुर्ची तुला."

"समद्यांसमोर म्हणा."

त्यांनी म्हटलं. मालनबाईंनी सही केली. मागून टाळी पडली. पकड होतीच तशी.

रविवारी सामना झाला. अगदी शेवटच्या चढाईत समोरच्या संघाच्या गड्यानं तिघांच्या हातातून अंग सोडवून रेघ गाठली आणि बँक दोन गुणांनी हरली. त्या सुटकेला सगळ्यात मोठी टाळी नागनाथरावांनी दिली. मॅट न फाटता परत गेली. निलयही आला होता. भागधारकांच्या खुर्चीवर बसून त्यानं शेंगा खाल्ल्या आणि यंदाचा लाभांश एवढाच, असं म्हणाला. डबा मालनबाईंनी आणला होता, स्टीलचा, बँकेचं नाव असलेला.

सोमवारी मॅडमच्या फायलीत नोंद वाढली : संतप्त भागधारकांचे प्रमुख नेते श्री. यमगर सामन्यास पहिल्या रांगेत उपस्थित होते, परिस्थिती नियंत्रणात.

पहिल्या रांगेत मालनबाई होत्या. नागनाथराव जाजमावर बसले होते.