राईबाहेरचं बी

पोलादपूरवरून कुडपणकडे चढताना आमची वाडी लागते. वाडीच्या वर एक झरा होता. कोळशाच्या ठेकेदाराने वरचा सगळा उतार तोडला आणि झरा होळीलाच आटू लागला. मग पाऊस येईपर्यंत आम्ही बायका हंडे घेऊन नदीवर उतरायचो आणि भरले हंडे घेऊन तीच चढण चढायचो. पुरुष मुंबईला. झरा आटल्याचं त्यांना पत्रातून कळायचं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. एका उन्हाळ्यात वनखात्याचा गार्ड आला. उतारावर नीलगिरी लावायची म्हणाला.

मी म्हटलं, "तिला गुरं तोंड लावत नाय. आमची झाडं लावा की."

"त्यांची रोपं आमच्याकडे नाहीत, वहिनी. पावसाच्या आत बी द्या, मी रोपं करून घेतो. नाहीतर पुढच्या साली नीलगिरीच येणार."

बी होतं ते देवाच्या राईत. राईतलं गळलेलं पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही, अशी रीत. गुरवाने कौल लावला. देवाच्या पाषाणाला दोन पाकळ्या चिकटवतात, उजवी आधी पडली तर होकार. डावी पडली. गार्ड म्हणाला, परत लावा. गुरव म्हणाला, "हा काय तुमचा अर्ज हाय, नामंजूर झाला की दुसरा करायला?"

राईबाहेर पाण्याच्या वाटेवर एक कातळ आहे. तिथे उदमांजराची घाण पडलेली असायची, जांभळाच्या बियांनी भरलेली. वटवाघळांनी टाकलेल्या बेहड्याच्या बियाही असायच्या. मी ते रोज ओलांडून जायची. गुरवाला विचारलं, "जनावरानं भायेर आणून टाकलं, ते कुणाचं?"

त्याने पान लावलं, खाल्लं, थुंकला. मग म्हणाला, "देवाचं नाय. उचला."

माझी जाऊ म्हणाली, "आता सरकारसाठी गू वेचायचा काय गो?"

"नको वेचू. नदीवर जा."

तिने वेचलं. सगळ्यांनीच वेचलं. बी धुवून टोपलीने गार्डला दिलं. त्याने शब्द पाळला, पण साहेबाने अर्धाच उतार आमच्या झाडांना दिला. अर्ध्यावर नीलगिरी लागलीच.

पहिल्या वर्षीची रोपं बकऱ्यांनी खाल्ली. बकऱ्या आमच्याच होत्या. दुसऱ्या वर्षी वणवा आला. गार्ड आणि आम्ही ओले डहाळे घेऊन दिवसभर झोडपत होतो, तरी वरची पट्टी गेली. पुन्हा बी वेचलं. मग गार्डची बदली झाली. नव्याला कातळ दाखवण्यापासून सुरुवात.

ऐंशीचं दशक सरताना झरा अखेतीपर्यंत, अक्षय्य तृतीयेच्या सणापर्यंत, चालू लागला. म्हणजे दीड-दोन महिने जास्त. अखेतीनंतर पाऊस पडेपर्यंत नदीच होती, आणि चढण काही कमी झाली नव्हती.