राणीची नक्कल

नवव्या वर्षी माझं लग्न झालं आणि सोळाव्या वर्षी मी कळमनुरीजवळच्या माझ्या माहेरी परत आले. नवऱ्यानं दुसरी केली होती. वडील "राहा" एवढंच म्हणाले. आडावर मी गेले की बायकांचं बोलणं थांबायचं. घरात भावजय बोलायची, पण माझ्याशी नाही, माझ्याबद्दल.

वडिलांनी मला लहानपणी वाचायला शिकवलं होतं. निजामाच्या राज्यात गावची शाळा उर्दू, तीही मुलांची; मराठी वाचणारे गावात थोडेच. म्हणून जत्रेत नाटक करायचं ठरलं, तेव्हा राणीची नक्कल, म्हणजे तिची भाषणं, पाठ करून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. राणी होणार होता शिंप्याचा थोरला मुलगा. त्याला अक्षरओळख नव्हती. दुपारी तो ओसरीवर बसायचा, मी दाराआडून वाचायचे.

नाटक जुनं होतं. त्यातली राणी बापामागे गादीवर बसते. शेजारचा राजा मागणी घालतो, तर ती त्याचा नारळ परत धाडते आणि स्वतः घोड्यावर बसून लढायला जाते.

नारळ परत करताना शिंप्याचा मुलगा हटकून रडवेला व्हायचा.

"रडू नको," मी म्हणाले.

"बाई हाय ना ती, अक्का. लोकायला रडणं लागते."

"ती रडत न्हाई. तिला नको हाय, म्हणून नको म्हणते."

तो म्हणाला, "तुमीच म्हणून दावा."

मी म्हणून दाखवलं. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. मागं भावजयीचं भांडी घासणं थांबलं.

शेवटच्या अंकात राणी त्याच राजाच्या पायाशी तलवार ठेवते आणि लग्न करते. ते पान मी तीन दिवस टाळलं. त्यानं "फुडं काय होते?" म्हणून रोज विचारलं, तेव्हा वाचावंच लागलं.

"बरं झालं, गोड झालं," तो म्हणाला.

इतके दिवस दुपारी कुणीतरी आपलं ऐकून घेतंय असं वाटायचं. त्या दिवशी ते गेलं. जत्रेत मी बायकांत बसून नाटक पाहिलं. राणीनं तलवार खाली ठेवली तेव्हाच टाळ्या सगळ्यांत जास्त पडल्या. शेजारची बाई डोळे पुसत होती.

दोन महिन्यांनी सासरे बैलगाडी घेऊन आले. "दुसरीला लेकरू न्हाई. सूनबाई, लुगडी बांधा."

"मी येत न्हाई, मामंजी."

"काहून?"

"मला यायचं न्हाई."

दाराची चौकट धरून मी उभी राहिले. सासऱ्यांनी वडिलांकडे पाहिलं. वडील जमिनीकडे बघत राहिले, पण "जा" म्हणाले नाहीत. गाडी रिकामी गेली. त्यानंतर भावजयीनं माझं ताट वेगळं मांडलं.

रझाकारांच्या धास्तीनं शिंप्याचं घर वाशीमकडे गेलं, ते परत आलं नाही. वडीलही त्याच साली वारले. अठ्ठेचाळीसला निजामाचं राज्य गेलं आणि मी ओसरीवर चार मुली घेऊन बाराखडी सुरू केली. संध्याकाळी त्या घरी गेल्या की मी माझ्यापुरत्या दोन भाकरी थापायचे.

पस्तावा होतो का, असं मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. पण कुणीतरी विचारायला हवं होतं.