काळी दोनची गिटार

सलीमच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसलो होतो. "काका, अब्बा गेले," एवढंच ती म्हणाली. पुढचं काही मला ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल तर आठवत नाही. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले.

पौडच्या बाजारपेठेत सलीमला सगळे ओळखत ते लाऊडस्पीकरवाला म्हणून. लग्न असो, उरूस असो, नाहीतर देवळातला सप्ताह, त्याचा भोंगा झाडावर चढल्याशिवाय कार्याला सुरुवात व्हायची नाही. पण ऐंशीच्या दशकात दोन-तीन वर्षं हाच सलीम एका बँडचा गायक होता, आणि त्या बँडचं नावही आम्ही 'भोंगा'च ठेवलं होतं. गिटार माझ्याकडे. भातगिरणीवाल्यांचा बाळू लग्नाच्या बँडमधला जुना ताशा आणि एक पिंप बडवायचा. आपण वाजवतो त्याला पंक म्हणतात, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

सुरुवात एका गोऱ्या पाहुण्यापासून झाली. धरणाच्या काठी तंबू ठोकून राहिलेला हा प्राणी एक दिवस सेल मागायला सलीमच्या दुकानात आला. केस हिरवे, कानात सेफ्टी पिना. जाताना त्याने एक कॅसेट ठेवून दिली. तीत माणसं नुसती ओरडत होती, पण इतक्या जीव तोडून की आम्ही तिघे ती फीत झिजेपर्यंत ऐकत राहिलो. सलीम म्हणाला, "दत्त्या, ह्यांला गाता येत न्हाई, तरी गात्यात. आपल्यालाबी येत न्हाई. मग अडलंय कुटं?"

अडलं होतं गिटारीपाशी. पुण्याच्या जुन्या बाजारातून एक मिळाली खरी, पण ती लावायची कशी हे तालुक्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. मी ती उचलली आणि भजनी मंडळाच्या तात्यांकडे गेलो. तात्यांनी पेटी पुढे ओढली, काळी दोनचा सूर धरला आणि सहाही तारा षड्ज-पंचमात लावून दिल्या, तंबोरा लावावा तशा. मी एक बोट आडवं टाकायचो आणि ते वर-खाली सरकवायचो. तेवढंच मला यायचं. सलीमचा गळाही लहानपणापासून त्याच पेटीवर तयार झालेला, कारण सप्ताहात माईक लावून झाला की तो तिथेच भजनाला बसायचा. त्यामुळे आमचं जमलं.

गिरणी सुरू असतानाच आम्ही वाजवायचो, म्हणजे कुणाची तक्रार नको. इंजिनाच्या ठोक्यावर बाळूचा ठोका. अंगावर कोंडा, नाकात कोंडा... सलीम भोंग्यातून ओरडायचा ते न येणाऱ्या एसटीबद्दल, आणि आमच्या धरणाच्या पाण्यावर दुसरीकडे दिवे लागतात आणि आम्ही कंदील पुसतो त्याबद्दल. पोती उतरवणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या आणि तरी थांबून ऐकायच्या. माझ्या आयुष्यात मी इतका सुखी पुन्हा कधी झालो नाही, हे आज सरळ लिहून टाकतो.

मग पुण्यातल्या एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आम्हाला बोलावलं. तिथे आणखी एक बँड होता, शहरातल्या पोरांचा, चकचकीत वाद्यांचा. त्यांच्यातल्या एकाने माझी गिटार सहज छेडली आणि हसू लागला. ही साफ चुकीची लावली आहे, असं तो म्हणाला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझे कान तापले, आणि मी म्हणालो, "सलीमनं लावून आणली."

सलीमने फक्त माझ्याकडे पाहिलं. त्या पोराने पाच मिनिटांत गिटार 'बरोबर' लावून दिली. आता माझं एक बोट तिच्यावर चालणार नाही हे मला कळत होतं, तरी मी ती तशीच गळ्यात अडकवली. स्टेजवर पहिलाच सूर सलीमच्या गळ्याला कुठेच भेटेना. तो शोधत राहिला, आवाज फाटला, पोरांनी शिट्ट्या मारल्या. परतीच्या एसटीत तो खिडकीपाशी बसला होता आणि मी दोन बाकं मागे.

महिन्याभरात मी त्या शहरातल्या बँडमध्ये गेलो. तोही लवकरच बंद पडला. पुढे पुण्यातच नोकरी, संसार. सलीम भेटत राहिला, माझ्या मुलीच्या लग्नात साउंड त्याचाच होता. त्याने तो विषय कधी काढला नाही आणि मला कधी धीर झाला नाही. माफी मागायला माझ्याकडे पस्तीस-चाळीस वर्षं होती...

सलीमच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला पौडला गेलो. जेवणं झाल्यावर त्याची बायको, हसीनाभाभी, मला दुकानात घेऊन गेल्या. ॲम्प्लिफायरच्या वर, खिळ्याला माझी गिटार टांगलेली होती. शहरातल्या बँडमध्ये जाताना मी गिरणीतच सोडून दिलेली. तारा नव्या होत्या, धूळ नव्हती.

"दर एकादशीला देवळात न्यायचे," भाभी म्हणाल्या, "पेटीवर लावून आणायचे. म्हनायचे, दत्त्या आला तर त्याला लगीच वाजवता आली पायजे."

मी तिथल्याच एका खोक्यावर बसलो आणि म्हणालो, "भाभी, त्या दिवशी गिटार सलीमनं नव्हती लावून आणली. मी आणली होती."

"ठावं हाय मला. लगीन झाल्यावर सांगितलं व्हतं त्यांनी."

"रागावला होता?"

भाभींनी गिटार खिळ्यावरून काढली, पदराने पुसली. "न्हाई. म्हनले, दत्त्यानं माजं नाव घेतलं त्येचं काय न्हाई. पर आपल्या पेटीची लाज नको व्हती वाटाया."

त्यांनी गिटार माझ्या मांडीवर ठेवली. बोटं आता आखडलेली आहेत. मी एकच बोट आडवं टाकलं आणि तारा छेडल्या. सहाही एकदम बोलल्या, काळी दोनमध्ये.

गिटार मी घरी आणली नाही. परत त्याच खिळ्याला टांगली. येत्या एकादशीला ती देवळात न्यायची आहे.